बॉनेटखालचा करारनामा

नव्या गाडीची डिलिव्हरी घेण्याचा आपल्याकडे एक ठरलेला विधी आहे. पेढ्यांचा बॉक्स, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, शोरूमवाल्यांनी घातलेलं आवरण ओढून काढतानाचा फोटो. हे सगळं झालं, किल्ली हातात पडली, की सेल्सवाला जरा जवळ सरकून सांगतो, ''सर, बाहेरून काही बसवू नका हं. वॉरंटी जाईल.''

किती जाईल, कशाची जाईल आणि ती गेली हे कुणी ठरवायचं, यातलं तो काहीच सांगत नाही. नऊ लाखांच्या गाडीला बाजारातला हॉर्न लावणाऱ्यालाही तो हेच ऐकवतो आणि पन्नास लाखांच्या गाडीच्या इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून घेणाऱ्यालाही हेच. पहिला घाबरून मूळ हॉर्नवर भागवतो. दुसरा ''काही होत नाही रे'' म्हणत शनिवारी सकाळी ट्यूनरकडे जातो. माझ्या मते दोघांचाही हिशेब चुकलेला असतो.

वेगाचं वेड असणाऱ्यांसाठी गेली काही वर्षं सुगीची आहेत. मार्च २०२१ मध्ये बीएमडब्ल्यूनं चेन्नईत जुळणी केलेली एम३४०आय आणली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ६२ लाख ९० हजार होती. ३८७ अश्वशक्ती, ५०० न्यूटन मीटर टॉर्क आणि शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत. चाकणमध्ये बनणारी फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी १.५ लिटरच्या टर्बो इंजिनातून १५० पीएस काढते. मे २०२५ मध्ये तर गोल्फ जीटीआय थेट आयात होऊन आली: २६५ पीएस, ३७० न्यूटन मीटर, किंमत ५३ लाख आणि पहिल्या खेपेत फक्त १५० गाड्या. वर्षाला अडीच हजारांपर्यंत गाड्या इथल्या चाचण्यांच्या पूर्ण फेऱ्याशिवाय आणण्याची सवलत सरकारनं दिली, म्हणून अशा गाड्या दिसू लागल्या.

या गाड्यांचे मालक ट्यूनरकडे का जातात, हे समजून घ्यायला हवं. पूर्वी इंजिनाची ताकद वाढवायची तर हेड घासा, कॅम बदला, मोठा कार्बोरेटर घाला, असा सगळा हातकामाचा मामला होता. आता टर्बो इंजिनाच्या गाडीला लॅपटॉप जोडला, टर्बोचा दाब, इग्निशनची वेळ आणि टॉर्कच्या मर्यादा बदलल्या, की तासाभरात वीस-पंचवीस टक्के ताकद वाढते. याला म्हणतात रिमॅप, आणि त्याची पहिली पायरी 'स्टेज वन'. लोखंडाला हातही लावावा लागत नाही. ट्यूनरचं म्हणणं असतं की हीच ताकद कंपनीनं राखून ठेवलेली आहे. बघा, जीटीआयच्याच इंजिन-कुटुंबातून कंपनी गोल्फ आरमध्ये ३३३ पीएस काढते. हे खरं आहे. फक्त गोल्फ आरचा टर्बो वेगळा असतो आणि तिची ताकद चारही चाकांत वाटली जाते, एवढा भाग ट्यूनर गाळतो.

भोसरी एमआयडीसीच्या एका गाळ्यात मी डायनोवर चढवलेली अशी एक गाडी बघत उभा होतो. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले जाड रूळ. गाडीची चाकं त्यांवर, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी जखडलेली आणि नाकासमोर मांडवातल्या पंख्याच्या दुप्पट आकाराचा पंखा. चौथ्या गिअरमध्ये मुलानं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तसा गाळ्याचा पत्रा थरथरला आणि स्क्रीनवर वक्ररेषा चढत गेली. मालकाचं लक्ष त्या रेषेच्या शेंड्यावर होतं. ट्यूनर मात्र शेजारच्या दुसऱ्या स्क्रीनवर बघत होता. तिथे प्रत्येक सिलिंडरसाठी इग्निशन किती अंश मागे ओढलं जातंय, याचे आकडे होते. तिसऱ्या सिलिंडरपाशी शून्याच्या जागी तीन दिसू लागले, तसं त्यानं गाडी बंद करायला सांगितलं. हवेचं तापमान वाढलं होतं. सलग चौथी फेरी, इंटरकूलर तापलेला, नॉक सेन्सरला ठिणगी पडल्यानंतर उरलेल्या मिश्रणाच्या अवेळी फुटीची चाहूल लागली होती. इंजिनावर ताबा ठेवणाऱ्या संगणकानं, म्हणजे ईसीयूनं, ते वाचवण्यासाठी इग्निशन मागे घेतलं.

त्या एका क्षणात दोन गोष्टी घडल्या. इंजिन वाचलं. आणि इंजिननं नोंद केली.

आजच्या गाडीचा ईसीयू तिजोरीवरच्या मुनीमासारखा असतो. त्यात किती वेळा प्रोग्रॅम लिहिला गेला हे मोजणारा आकडा असतो. प्रोग्रॅमची ओळख पटवणारा एक तपासणी-क्रमांक असतो. बिघाडाचे कोड आणि ते उमटले तेव्हाची परिस्थिती असते. मूळ प्रोग्रॅम परत चढवला तरी 'किती वेळा लिहिलं' हा आकडा मागे फिरत नाही. कोड पुसून टाकले, तर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या 'अपूर्ण' दिसू लागतात आणि सर्व्हिसला येण्याच्या आदल्या रात्री कुणीतरी काहीतरी पुसलंय, हे शिकाऊ मेकॅनिकलाही कळतं. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांबाबत अमेरिकेतल्या मालकांत एक शेरा कुप्रसिद्ध आहे: टीडी१. डीलरच्या यंत्रानं गाडीतला प्रोग्रॅम कारखान्यातल्या नोंदीशी ताडून पाहिला आणि फरक सापडला, की चासी नंबरासमोर हा शेरा लागतो. पुढे इंजिन-गिअरबॉक्सचा दावा कुठल्याही शहरातल्या डीलरकडे नेला, तरी शेरा आधीच तिथे पोचलेला असतो.

कंपन्याही आता दारं लावून घेताहेत. २०२० च्या मध्यानंतर बनलेल्या बीएमडब्ल्यूंचे ईसीयू इतके कुलूपबंद निघाले, की जगभरच्या मालकांना ते गाडीतून काढून फिनलंडमधल्या एका कंपनीकडे पाठवावे लागले. तिथे ते उघडले जात, मग परत येत, मग ट्यूनिंग. काढलेल्या ईसीयूचे स्क्रू, त्यावरचं सील, कप्लरवरची धूळ या सगळ्यांवर खुणा राहतातच.

'बॉक्स' लावणाऱ्यांना वाटतं की आपण यातून सुटलो. ट्यूनिंग बॉक्स ईसीयूला हात लावत नाही. टर्बोचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या मध्ये बसतो आणि ईसीयूला खोटं सांगतो. खरा दाब जास्त असला तरी नेहमीचाच आहे असं कळवतो आणि ईसीयू बिचारा तो आणखी वाढवत नेतो. सर्व्हिसच्या आधी दहा मिनिटांत बॉक्स काढता येतो, हे त्याचं मोठं आकर्षण. पण इंधन किती गेलं, हवा किती आली आणि त्यातून टॉर्क किती निघायला हवा होता, हा हिशेब ईसीयू सतत मांडत असतो आणि खोटं बोललेल्या गाडीत तो कुठेतरी जुळत नाही. शिवाय इंजिन उघडायची वेळ आली, तर पिस्टनच्या कडा स्वतःच बोलतात.

इथे मला एक गोष्ट उघड सांगायला हवी. गाडी रिमॅप करायची, बिघडली की मूळ प्रोग्रॅम चढवायचा आणि भोळा चेहरा करून वॉरंटीत दावा टाकायचा, हे आपल्याकडे हुशारीत मोजलं जातं. ती फसवणूक आहे. कंपनी मोठी आहे म्हणून ती कमी फसवणूक होत नाही. ट्यूनरांत एक म्हण फिरते: खेळायचं असेल तर पैसे मोजायची तयारी ठेवा. इंजिनाच्या सॉफ्टवेअरपुरती ती मला पटते. वॉरंटीच्या मुदतीत रिमॅप करणाऱ्यानं इंजिन, टर्बो आणि गिअरबॉक्स यांची वॉरंटी मनातून सोडून दिलेली बरी.

पण बाकीच्या गाडीची वॉरंटी का सोडायची? रिमॅप केलेल्या गाडीचा पॉवर विंडोची मोटर जळाली, सनरूफ अडकलं, एसीचा कॉम्प्रेसर गेला, तर त्याचा इंजिनाच्या प्रोग्रॅमशी संबंध काय? सेल्सवाल्याचं 'वॉरंटी जाईल' हे वाक्य नेमकं इथे लंगडं पडतं.

अमेरिकेत हा प्रश्न १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानं बराच सोडवला. आमचेच सुटे भाग वापरा, आमच्याच गॅरेजात या, नाहीतर वॉरंटी रद्द, अशी अट कंपनीला सहसा घालता येत नाही. बाहेरच्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही, म्हणून 'इथे काही चालत नाही' असं गृहीत धरलं जातं. वस्तुस्थिती तेवढी काळी नाही.

होंडाविरुद्धच्या एका तक्रारीपासून सुरू झालेल्या प्रकरणात २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं निकाल दिला. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं स्वतंत्र गॅरेजांना न देता बाजार बंद करून ठेवल्याबद्दल १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. वर्तमानपत्रांनी दंडाचा आकडा छापला. आपल्या कामाचा भाग मात्र आदेशाच्या शेवटच्या निर्देशांत होता. ग्राहकानं स्वतंत्र गॅरेजात काम करून घेतलं एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करायची अट घालू नका, असं आयोगानं कंपन्यांना बजावलं. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल.

पुढे त्यावर अपिलं झाली, दंडाच्या रकमेवर वाद झाले. शिवाय निकाल दुरुस्तीबद्दल होता, रिमॅपबद्दल नव्हता, हेही विसरून चालणार नाही. तरी त्यातलं 'तेवढ्यापुरती' हे तत्त्व सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उभं राहणाऱ्याच्या फार उपयोगाचं आहे. हीच धार उलट्या बाजूनंही चालते. २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की वॉरंटीच्या अटींनुसार कंपनीनं सदोष भाग बदलून देणं पुरेसं आहे, अख्खी गाडी बदलून मागता येणार नाही. म्हणजे देताना कंपनी भागापुरतं देते. मग नाकारताना ती अख्ख्या गाडीचं कसं नाकारेल?

काउंटरवरचा संवाद साधारण ठरलेला असतो.

''सर, गाडीला रिमॅप आहे का?''

''का? काय झालं?''

''नाही, गिअरबॉक्सचा क्लेम आहे ना. कंपनीकडून विचारणा येते.''

''अहो, पण व्हील मी तुमच्यासमोरच बदललेत. बाकी काही नाही.''

''ते बरोबर आहे सर, पण सिस्टीम रिजेक्ट करतेय.''

'सिस्टीम' नावाच्या या गृहस्थाला कुणी पाहिलेलं नाही. निर्णय सर्व्हिस ॲडव्हायझरच्या हातात नसतो. तो फोटो आणि यंत्रातली नोंद वर पाठवतो, कंपनीचा वॉरंटी विभाग हो-नाही कळवतो. त्यामुळे ॲडव्हायझरशी हुज्जत घालून घसा कोरडा होतो, एवढंच. तक्रार जॉब कार्डावर आपल्या शब्दांत लिहून घ्यावी, म्हणजे 'गिअर प्रॉब्लेम' असं तोकडं न लिहिता 'थंड गाडीत पहिल्यातून दुसऱ्या गिअरला जाताना धक्का, इतके किलोमीटर झाल्यापासून' असं. नकार आला तर तो लेखी मागावा आणि त्यात कोणता भाग निकामी झाला, कशानं झाला, मालकानं केलेल्या कोणत्या बदलाशी त्याचा संबंध जोडला आणि कोणत्या मोजमापावरून जोडला, हे असावं असा आग्रह धरावा. पुष्कळदा नुसता हा मेल गेला की फाइल पुन्हा उघडते. कारण 'बाहेरचे अलॉय व्हील, म्हणून गिअरबॉक्सचा क्लच गेला' हे वाक्य कंपनीच्या लेटरहेडवर सही करून द्यायला कुणी तयार नसतं.

तरीही नाही ऐकलं तर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य करार अशी वेगळी संकल्पना आहे. दोष उघड्या डोळ्यांना दिसण्यासारखा नसेल, तर वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेण्याची तरतूदही आहे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. म्हणजे व्हर्टसवाला जिल्ह्यात जाईल आणि जीटीआयवाला राज्य आयोगात. वगळण्याचं कलम पुढे करणाऱ्यानं ते लागू होतं हे सिद्ध करावं, असं विम्याच्या प्रकरणांत न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. वॉरंटीच्या भांडणातही वकील तोच धागा पकडतात. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात गाडीची सगळी नोंद कंपनीच्या यंत्रात, वाचणारा माणूस कंपनीचा आणि आपल्याकडे फक्त तळमळ. आपली स्वतःची नोंद हवी, ती यासाठी.

ती कशी ठेवायची, याचा एक चांगला नमुना मी पाहिलाय. एका व्हर्टसवाल्या तरुणानं गाडी आल्यावर पहिले दीड हजार किलोमीटर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे काढले. पहिल्या हजारात कमाल फेऱ्यांच्या दोन-तृतीयांशांपलीकडे नाही, पुढच्या पाचशेत हळूहळू वर. मग काहीही न बदलता गाडी डायनोवर घालून मूळ आकडे छापून घेतले. प्रत्येक ऑइल बदलाचं बिल, डब्यावरच्या मान्यता-क्रमांकाचा फोटो आणि ओडोमीटरचा फोटो एकाच फोल्डरमध्ये. काढलेले मूळ भाग खोक्यात, खोक्यावर तारीख. बसवणाऱ्याकडून जीएसटीचं बिल घेतलं, त्यावर भागाचं नाव आणि चासी नंबर. भावानं त्याला कारकून म्हणून चिडवलं.

आणि इंजिनाला त्यानं हात लावला नाही. कारण गिअरबॉक्स. व्हर्टस जीटीच्या ऑटोमॅटिकमध्ये डीक्यू२०० हा सात गिअरांचा, कोरड्या क्लचचा डीएसजी बसतो. त्याची टॉर्क झेलण्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर. गाडी कारखान्यातून निघते तीच २५० न्यूटन मीटर घेऊन. मर्यादेवर उभ्या असलेल्या गिअरबॉक्सवर आणखी ५०-६० लादायचे आणि वर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच अर्धवट घसरवत रांगत राहायचं, याला माझ्या आजीनं दुसरं नाव दिलं असतं. जीटीआयच्या ओल्या क्लचच्या गिअरबॉक्सला बराच जास्त वाव आहे. एम३४०आयमधला झेडएफचा आठ गिअरांचा तर जगभर दणकट म्हणून ओळखला जातो. म्हणून सगळ्या गाड्यांना एकच 'स्टेज वन' विकणाऱ्या ट्यूनरपासून चार हात लांब राहावं. आणि ट्यूनर जी 'लाइफटाइम वॉरंटी' देतो, ती त्याच्या फाइलची असते. पिस्टन फुटला तर तो फाइल पुन्हा फुकट चढवून देईल.

पेट्रोलचाही मुद्दा आहे. परदेशातली फाइल तिथल्या ९८ ऑक्टेनवर घडवलेली असते. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलनं पुण्या-मुंबईसह काही शहरांत एक्सपी१०० आणलं, त्यामुळे शहरात सोय झाली. पण माणूस सावंतवाडीला निघाला आणि वाटेतल्या पंपावर साधं पेट्रोल भरलं, की तीच फाइल नॉक सेन्सरच्या भरवशावर चालते. त्यात कमी फेऱ्यांवर, उंच गिअरमध्ये घाट चढताना पूर्ण ॲक्सिलरेटर दाबायची सवय असेल, तर डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत वेळेआधी पेट घेण्याचा धोका असतोच. रिमॅप तो वाढवतो. पिस्टनची कडा तुटण्यासाठी असा एकच झटका पुरतो.

मग वॉरंटी शाबूत ठेवून करण्यासारखं उरतं काय? पुष्कळ. आणि गंमत म्हणजे गाडी चालवताना जाणवणारा फरक त्यातच जास्त आहे. टायर पहिले. जीटीआयवर २२५/४० आर१८ येतात. तिथे २३५/४० घातले तर चाकाचा व्यास ६३७ मिलिमीटरवरून ६४५ होतो, जेमतेम सव्वा टक्का. स्पीडोमीटर, एबीएस सगळं सुखात. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको, एवढं पाहावं. मग ब्रेक पॅड आणि जास्त तापमानाला उकळणारं ब्रेक फ्लुइड. रविवारी पहाटे ताम्हिणी उतरणाऱ्याला पंचवीस अश्वशक्तीपेक्षा याचा उपयोग जास्त. यात फार तर पॅड आणि डिस्कचे दावे गुंतागुंतीचे होतात, आणि ते घासून जाणारे भाग म्हणून वॉरंटीत तसेही क्वचितच बसतात.

स्प्रिंगा बदलून गाडी खाली घेणाऱ्यानं मात्र शॉक ॲब्सॉर्बर, बुश आणि ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांवर पाणी सोडावं. चाक बाहेर काढणारे स्पेसर लावले तर बेअरिंगवर. एअर फिल्टरची एक खोच वेगळीच आहे: तेल लावलेला धुण्याजोगा फिल्टर हौशीनं जास्त तेल ओतून बसवला, की हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत तो तेलकट होतो आणि इंजिनाचा दावा विनाकारण अडकतो. ताकद वाढते ती नावापुरती. मी तरी कागदाचाच फिल्टर ठेवीन.

वायर हा आपल्याकडचा खास वाद. हॉर्न, फॉग लॅम्प, डॅशकॅम बसवणारा मेकॅनिक दातानं वायर सोलतो, पिळ देतो, काळी टेप गुंडाळतो. पावसाळ्यात तिथे हिरवट गंज चढतो आणि तिसऱ्याच ठिकाणचा सेन्सर रुसतो. 'वायर कापली की वॉरंटी गेली' हा धाक इथून आला आणि तो निराधार नाही. उपाय साधा: मूळ कप्लरला जुळणारा कप्लर, रिलेसह वेगळं हार्नेस, डॅशकॅमसाठी फ्यूजच्या जागी बसणारा टॅप. काढलं तर मागे खूण नाही. हे करून देणारे मिळतात, दोन हजार जास्त घेतात. पन्नास लाखांच्या गाडीत ते दोन हजार वाचवणारे लोक मी पाहिलेत.

आणखी एक घोळ निस्तरायला हवा. वॉरंटी, आरटीओ आणि विमा ही तीन वेगळी दारं आहेत; एक उघडं म्हणून दुसरं उघडं नसतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपत्रातल्या तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. एक्झॉस्ट तर पोलिसांच्या डोळ्यावरच असतो. बुलेटच्या फाटक्या सायलेन्सरांची रांग रस्त्यावर मांडून त्यावर रोड रोलर फिरवल्याची दृश्यं महाराष्ट्रात आपण बातम्यांत पाहिलीच आहेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारा डाउनपाइप हा माझ्या लेखी चर्चेचा विषयच नाही. तो काढणारा धूर इतरांच्या फुप्फुसात सोडतो.

विम्याच्या पॉलिसीत आयएमटी २४ नावाचं कलम जोडून कंपनीच्या किमतीत नसलेल्या विद्युत उपकरणांना संरक्षण घेता येतं. बाकी बदल विमा कंपनीला लेखी कळवावेत. अपघातानंतर सर्व्हेअरला ते सापडण्यापेक्षा बरं. आणि शर्यत, वेगचाचणी वगैरे नेहमीच्या पॉलिसीत वगळलेलंच असतं. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन'मध्ये गाडी पळवणाऱ्यानं त्या दिवशी विमाही घरी ठेवलाय असं समजावं. वॉरंटीच्या पुस्तिकेतही तसंच कलम असतं, मग गाडी एकदम मूळ स्थितीत का असेना. निसाननं २००८ मध्ये अमेरिकेत जीटी-आर विकली, तेव्हा तर गाडीतच दिलेली लाँच करण्याची पद्धत स्थिरता-यंत्रणा बंद करून वापरली म्हणून गिअरबॉक्सचे दावे नाकारले गेले. गाडीतली नोंदपेटी सगळं टिपत होती. बराच गदारोळ झाला, नंतर कंपनीनं प्रोग्रॅमच बदलला.

यावर शहाणा तोडगा काही कंपन्यांनी काढलाय: तुम्ही बाहेर जाणारच, तर आमच्याकडेच या. ब्रिटनमध्ये फोर्डनं फिएस्टा एसटीसाठी माउंट्यूनचा जास्त ताकदीचा किट डीलरकडे बसवून वॉरंटी कायम ठेवली. जर्मनीत आप्टसारखे जुने ट्यूनर ताकद वाढवून देतात आणि कारखान्याची वॉरंटी जिथे हात वर करते, तिथे स्वतःची लेखी हमी देतात. शिवाय भागाला तांत्रिक मान्यतेचा कागद असतो आणि तो गाडीच्या कागदपत्रांत चढतो. कायदा, कंपनी आणि ट्यूनर एकाच टेबलावर. इथे चाकणला गाड्या बनतात, कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय त्या तपासते, मधल्या पट्ट्यात देशातले उत्तम ट्यूनर बसलेत. तरी मान्यताप्राप्त ट्यूनिंग किट नावाची वस्तू डीलरच्या यादीत सहसा नाही. कंपन्या ॲक्सेसरी म्हणून मॅट आणि क्रोमच्या पट्ट्या विकतात. माझ्या मते हा त्यांच्या धंद्याचाही तोटा आहे.

वॉरंटी संपल्यावर सगळं मोकळं, असंही नाही. मुदत संपून चार-सहा महिन्यांत मोठा भाग गेला, तर कंपन्या कधीकधी 'गुडविल'मध्ये खर्चाचा काही वाटा उचलतात. तो हक्क नाही, मेहेरबानी आहे, आणि मेहेरबानी करताना ते गाडीचा इतिहास बघतात. वेळेवर सर्व्हिस आणि कोरा चासी नंबर असलेल्याला सात-आठ लाखांच्या गिअरबॉक्सवर मोठी सूट मिळू शकते. शेरा लागलेल्याला तिथे कुठलंही कलम दाखवून उपयोग नसतो.

सगळ्यात वाईट अडकतो तो दुसरा मालक. तीन वर्षं वापरलेली, चकचकीत, 'एकदम स्टॉक' म्हणून विकलेली एम३४०आय तो घेतो. मूळ प्रोग्रॅम परत चढवलेला, डाउनपाइपही पुन्हा मूळचा बसवलेला, बॉक्स विकून टाकलेला. त्यानं वाढीव वॉरंटीचे पैसे भरलेले असतात आणि पहिल्याच दाव्याला त्याच्या नावावर दुसऱ्याच्या शनिवार-रविवारचा जमाखर्च निघतो. म्हणून अशी गाडी घेताना टोकन देण्याआधी विकणाऱ्यासह अधिकृत सर्व्हिस सेंटरला जावं, दोन-तीन हजार भरून पूर्ण तपासणी करून घ्यावी, ईसीयूच्या प्रोग्रॅमची आणि वॉरंटीच्या दाव्यांची नोंद छापून मागावी. विकणाऱ्याला ''आत्ता वेळ नाही'' असेल, तर बाजारात दुसरी गाडी असते.